कॅपवरचा आकडा

नवलने इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं तसा तेलाबरोबर तांबूस, चकाकत्या कणांचा गाळ ट्रेमध्ये सांडला. बेअरिंग पार खाल्ली गेली होती. वनाभाऊंची ही जुनी डिझेल गाडी सातपुड्याच्या पायथ्याहून अडलेल्या बाया आणि आजारी माणसं धुळ्याच्या दवाखान्यात आणायची, आणि आता चालताना आतून ठोकत होती. तिचं इंजिन दिवाळीत बांधलं होतं नवलच्या सासऱ्यांनी, पंडितनानांनी, स्वतःच्या हाताने.

नवलने पिस्टनचे कनेक्टिंग रॉड काढून पुसले. रॉड आणि त्याच्या तळाला बोल्टने बसणारी कॅप ही जोडी असते. दोघांवर एकच आकडा ठोकलेला असतो. इथे दोनच्या रॉडला तीनची कॅप बसवली होती, तीनच्या रॉडला दोनची. चौथा रॉड तर दुसऱ्याच मॉडेलचा होता. हातात धरला तरी जडपणा कळत होता.

त्याला आधी आनंदच झाला. लग्नानंतर तो सासऱ्यांच्या घरात आणि सासऱ्यांच्याच गॅरेजमध्ये राहिला होता. गिऱ्हाईक आलं की नाना म्हणायचे, "जावई आहेत, हाताखाली असतात." जामनेरला एक जागा त्याने बघून ठेवली होती. पण मेघा म्हणायची, "नानांना काय सांगून निघायचं?" आज सांगायला कारण सापडलं होतं.

वनाभाऊ समोरच्या टपरीवर चहा घेत होते. नवल दोनचा रॉड आणि अदलाबदल झालेल्या दोन्ही कॅप घेऊन नानांच्या खुर्चीपाशी गेला.

"नाना, ही कॅप या रॉडची नाही."

"माझ्या हातून? शक्यच नाही."

"आकडा वाचा तुम्हीच."

नानांनी कॅप डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, मग अंगठा फिरवला. "दोन," ते म्हणाले.

तीन होता. ठळक, स्वच्छ तीन.

नवलने दुसरी कॅप पुढे केली. नानांना ती घेताच आली नाही. त्यांचा हात कॅपच्या बाजूने हवेत गेला आणि तिथेच थांबला.

"कधीपासून?" नवलने हळूच विचारलं.

"काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही म्हणे." नानांनी आवाज आणखी खाली आणला. "मेघाला बोलू नको. आणि वनाला तर नाहीच. लोक माझ्या नावावर गाडी सोडून जातात नवल, ते गेलं तर हे गॅरेज कशाचं?"

मघाचा आनंद आता नवलच्याच अंगाला काजळीसारखा चिकटला. खरं सांगावं तर म्हातारा उघडा पडत होता. गप्प राहून तेच सामान परत बांधावं, तर एखादी अडलेली बाई रस्त्यातच अडकली असती. आणि इथून निघावं, तर पुढच्या इंजिनात काय बसेल ते नानांनाही दिसणार नव्हतं.

तेवढ्यात वनाभाऊ रस्ता ओलांडून आत आले. "काय व्हयनं, नाना?"

नाना रुमालाने चष्मा पुसत राहिले. पुसून पुसून काच झिजली असती.

"माझी चूक, वनाभाऊ," नवल म्हणाला. "दिवाळीत नानांनी रॉड जुळवून ठेवले होते. बांधताना माझ्याकडून अदलाबदल झाली, एक तर भलत्याच इंजिनाचा लागला. सगळे जोडीचे आणून नीट बांधून देतो."

वनाभाऊंनी त्याच्याकडे नखशिखांत पाहिलं. "बाया-पोरं बसतस रे त्या गाडीमा," एवढंच म्हणाले. मग नानांकडे वळले. "आते पुढे मन्ही गाडीले फक्त तुम्हना हात लागाले पाहिजे, नाना. जावईना नही."

"बरं," नाना म्हणाले. जावयाकडे बघायचं त्यांनी टाळलं, किंवा बघूनही त्यांना दिसलं नसतं.

संध्याकाळी जेवताना मेघाने विचारलं, "जामनेरच्या जागेवाल्याचा दोनदा फोन आला. काय कळवू?"

"नाही म्हण."

"का?"

समोर नाना ताटात चाचपडत भाकरी शोधत होते. नवलने ताट किंचित त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "इथे काम वाढलंय."

वनाभाऊंची गाडी पुन्हा रस्त्यावर आली, ठोकायची बंद झाली. नानांचं नाव अजून वाढलं. आता गिऱ्हाईक आलं की नाना बॉनेटवर हात ठेवून, मान तिरपी करून इंजिन ऐकत उभे राहतात आणि दोष बहुतेक वेळा अचूक सांगतात. मग शटर अर्धं ओढून नवल आत काम करतो, बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून. आत फार उकडतं.