दहा मिनिटं पुढे

"माझी फाइल अजून उघडत नाहीये, कुंदनभाऊ," डिझाइन काढणारी रंजनाताई म्हणाली.

कडोदऱ्याच्या या साडी-छपाई कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणं हे कुंदनचं काम. डिझाइन ठेवायला तीन लिनक्स सर्व्हर. एक तुडुंब भरलेला, दुसरा अर्धा रिकामा आणि सगळे पेनड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर पळतायत. शेवटी गेल्या आठवड्यात त्याने तिन्हींच्या डिस्क एकत्र जोडून सगळ्यांसाठी एकच सामाईक फोल्डर केलं. फाइल कुठल्या मशीनवर बसली याची कुणाला पंचाईत नको. शिवाय प्रत्येक फाइलच्या दोन प्रती, दोन वेगळ्या मशीनवर. "एक मशीन बसलं तरी तुमचं काम जात नाही, ताई," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. माणसाने छाती जरा जपून ठोकावी.

सकाळी एसीवाल्याच्या शिडीने दोन मशीनमधली वायर निसटली, ती कुणाला कळलीच नाही. इकडे रंजनाताई एका मशीनवर साडीचा काठ रंगवत राहिली. तिकडे छपाईच्या योगराजने दुसऱ्या मशीनवरून तीच फाइल उघडून पाहिली आणि सवयीने सेव्ह केली. वायर परत जोडल्यावर दोन प्रती दोन तऱ्हेच्या निघाल्या. खरी कुठली ते सांगा, म्हणून सिस्टम अडून बसली.

आणि रंजनाताईचं उद्या डोळ्याचं ऑपरेशन. डावा डोळा आधीच गेलेला, उजव्याबद्दल डॉक्टर शब्द द्यायला तयार नव्हते. हा केळफुलांचा काठ कदाचित तिचा शेवटचा. हात चालवताना कुंदनला ते एकच दिसत होतं.

"तू कधी सेव्ह केलंस?" त्याने योगराजला विचारलं.

"चहाच्या आधी, यार. ताईचं तर नंतरपण चालू होतं."

मग विचार कसला करायचा! जी नंतरची ती खरी, असा त्याने सिस्टमला हुकूम सोडला. घाईत दुसरी प्रत बाजूला काढून ठेवायचंही सुचलं नाही. फाइल उघडली.

रंजनाताईने पडद्याला नाक लावलं. "हे कालचं आहे," ती म्हणाली. "माझी केळफुलं कुठायत?"

कुंदनने दोन्ही मशीनच्या वेळा पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. योगराजच्या बाजूच्या मशीनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं आणि ताईने त्याच्यानंतर पाचच मिनिटांनी सेव्ह केलं होतं, म्हणून आधीची प्रत नंतरची ठरली. ते घड्याळ पुढे ठेवलं होतं कुंदननेच. त्याचा बाप भिकन कापड विणायच्या लूमवर कामाला होता. एकदा उशीर झाला म्हणून त्याला गेटवरून परत पाठवलं, तेव्हापासून आई धुरपदाबाई घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवते. नोकरीला लागल्यावर कुंदनने इथल्या पहिल्या मशीनलाही, म्हणजे याच मशीनला, तीच वेळ लावली. "सरस!" म्हणून कंपनीचे गुजराती शेठ खूश झाले होते. तिन्ही मशीन जोडताना त्याने एकेक वायर तपासली, घड्याळ तेवढं तपासलं नाही. त्या घरात वाढलेल्या माणसाला पुढे असलेलं घड्याळच बरोबर वाटतं.

सगळं मशीनवर ढकलता आलं असतं. कोण विचारणार होतं?

"ताई, चूक माझी आहे," तो म्हणाला. "ते घड्याळ मी पुढे ठेवलेलं. तुमचं काम गेलं."

काचेच्या केबिनमधून शेठ ओरडले, "कालवाळुं ज छापी दो ने, बेन!"

"नाही छापायचं." रंजनाताईने चष्मा काढून पदराने पुसला. कुंदनला वाटलं, आता शिव्या दिल्या तर बरं होईल. "खुर्ची ओढ इकडे. रंग मी सांगते. बारीक रेघ मला नाही दिसत आता, ती तू बघ."

संध्याकाळपर्यंत दोघं एका पडद्यासमोर बसली. निघण्याआधी कुंदनने तिन्ही मशीनची घड्याळं एक केली.

घरी आला, चपला न काढताच स्टुलावर चढला आणि भिंतीवरचं घड्याळ उतरवलं.

"काय करी ऱ्हायना रे?" खाटेवरून आईने विचारलं.

"घड्याळ बरोबर करस, माय."

"नको रे भाऊ," ती घाबरून उठून बसली. "तुना बापले उशीर व्हई जाई."

बाप जाऊन वर्षं लोटली होती. कुंदनने काचेवरची धूळ बाहीने पुसली आणि घड्याळ होतं तसं खिळ्याला अडकवलं.