इमानाचं दार

परड्यात यान उभं राहायला लागलं तेव्हा बनाबाईला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. नानासो पलटणीतनं पेन्शनीत आला त्या वर्षी तो दिवसदिवस बोलायचा नाही. जेवणाचं ताट पुढं ठेवलं की जेवायचा, उचललं की उठायचा. मग कुपवाडला टाक्या बनवायच्या कारखान्यात त्याला वेल्डिंगचं काम लागलं, आणि एका रविवारी तो बैलगाडीत जुनी पत्र्याची टाकी घालून घेऊन आला. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला. नवऱ्याच्या हाताला काम लागलं, एवढंच तिनं बघितलं.

झाशीला असताना पलटणीच्या मैदानावर पडदा बांधून एक इंग्रजी सिनेमा दाखवला होता. भाषा नानासोला कळली नाही. पण पृथ्वी जळते, आणि थोडी माणसं एका लांबट यानात बसून निघून जातात, एवढं त्याला कळलं होतं. ते यान त्याच्या डोक्यात खिळ्यान् खिळ्यासकट राहिलं होतं. त्यानं जसंच्या तसं, तेवढंच मोठं बनवायला घेतलं. पुढं निमुळतं नाक, मागं तीन पंख, आत ट्रकच्या मोडीतल्या सीटा, भिंतीवर मीटरच्या तबकड्या. मीटरला वायर नव्हती. मागच्या नळकांड्यांत काही नव्हतं.

"उडायचं न्हाई बरं का हे," तो लोकांना स्वतःच सांगायचा. "बघायचं इमान हाय."

वस्तीनं त्याचं नावच इमान पाडलं. शेजारची हरणाबाई तिच्या गोवऱ्या त्याच्या पंखावर वाळत घालायची, आणि नानासो काही बोलायचा नाही. हरणाबाईचा लेक लालासाहेब सांगलीच्या हळद बाजारात हमाली करायचा. तो पाव्हणे आले की त्यांना इमान दाखवायला घेऊन यायचा.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात रेडिओवर स्कायलॅबचं सुरू झालं. अमेरिकेनं वर सोडलेलं घराएवढं यंत्र खाली पडणार होतं, आणि कुठं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. बाजारात लोक हसत बोलायचे, आणि बोलून झालं की वर बघायचे. नानासो हसत नव्हता. कारखान्यातनं आला की तडक परड्यात जायचा. त्यानं आतनं दुसरा पत्रा मारला. खिडकीला काच होती, तिच्यामागं आणखी एक काच बसवली. मग एक जाड लोखंडी दार आणलं. त्याला कडेनं रबर, आतनं फिरवायचा दांडा.

बनाबाई चहा घेऊन गेली होती. तिनं आतनं दार ओढून बघितलं. ते लागलं तेव्हा बाहेरची कोंबड्यांची कलकल एकदम बंद झाली, जणू कुणी कान दाबले. कंदिलाची ज्योत जरा वेळानं बारीक व्हायला लागली तशी तिनं घाईनं दांडा फिरवला.

"आवं, खोट्या इमानाला खरं दार कशाला?"

नानासोनं रबरावरनं बोट फिरवलं. "बाकीचं खोटं हाय म्हणूनच," तो म्हणाला.

तिला ते कळलं नाही. पण त्यानंतर ती एकटी आत गेली नाही.

जुलै लागला तशी वस्तीची चेष्टा गेली. माणसं यायला लागली. आधी लालासाहेब आला, जरा डोकं खाजवत, इकडचं तिकडचं बोलत. "दादा, तेवढी आमच्या म्हातारीला जागा ठेवा." मग बाकीचे. नानासो सगळ्यांना व्हय म्हणाला. तो आता ताठ चालायचा, पलटणीतल्यासारखा. त्याच्या तोंडावर एक समाधान आलं होतं, आणि बनाबाईला भीती वाटायची ती त्याचीच.

स्कायलॅब पडायचा म्हणून सांगितलेला दिवस उजाडला तो ढगाळ, वारा पडलेला. कुपवाडकडनं मोठा आवाज झाला. पुढं कळलं की खाणीत सुरुंग उडवला होता. पण तेव्हा वस्तीत एकच पळापळ झाली आणि न्याहारी टाकून माणसं परड्यात आली. लालासाहेब बाजारात गेला होता. हरणाबाईला सुनेनं धरून आणलं. नानासो दारात उभा राहून एकेकाला आत घेत होता.

"बना, चल."

"म्हस अडलीया," ती म्हणाली. गोठ्यात म्हैस सकाळपासनं कण्हत होती. "तुमी बसा. मी न्हाई."

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग दार लावलं.

आतनं भजन सुरू झालेलं तिला पत्र्यातनं पुसट ऐकू येत होतं, विहिरीतनं आल्यासारखं. मग तिला भान राहिलं नाही. रेडकू आडवं आलं होतं. कोपरापर्यंत हात घालून तिनं ते फिरवलं, ओढलं, तोंड पुसलं. ते उभं राहून थानाला लागलं तेव्हा दुपार कलली होती. हात धुताना तिच्या ध्यानात आलं की भजन ऐकू येत नाही.

ती खिडकीशी गेली. काच आतनं घामेजली होती. एका जागी कुणीतरी हात फिरवलेला होता, तिथनं तिला माणसं दिसली. कुणी एकमेकांवर कललेली, कुणाचं तोंड उघडं. सून पदरानं सासूला वारा घालायला बघत होती, पण हात उचलत नव्हता. नानासो दाराला पाठ लावून बसला होता, दांडा दोन्ही हातांनी धरून.

तिनं काच ठोकली. त्यानं मान वळवली. तिला ओळखलं. आणि हात हलवून सांगितलं, न्हाई.

गोठ्याला टेकवलेली पहार तिनं उचलली. पहिल्या घावाला बाहेरची काच फुटली. आतली फुटेना. ती ओरडत नव्हती, दात आवळून मारत होती. काच गेली तेव्हा आतनं इतकी ऊन, आंबूस वाफ तोंडावर आली की ती मागं सरली. आत कुणीतरी खोकलं. मग पोरं रडायला लागली. नानासोचा हात दोघा बाप्यांनी दांड्यावरनं सोडवला, दार उघडलं, आणि माणसं चिखलात पडत बाहेर आली.

हरणाबाईला उचलून आणावं लागलं. ती गेली होती.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर सांगितलं, स्कायलॅब तिकडं ऑस्ट्रेलियाकडं पडला. पोलीस आले, मरणाचं कारण वय आणि उकाडा असं लिहून गेले. लालासाहेबानंही नानासोला बोल लावला नाही, सगळे आपल्या पायांनी आत गेले होते. तेरावं झाल्यावर नानासो कारखान्यातनं एक चौकोनी पत्रा घेऊन आला आणि फुटक्या खिडकीवर धरून बघायला लागला.

"काच कच्ची हुती," तो म्हणाला. "भायेरचं वारं आत आलं. म्हातारी त्यानं गेली."

बनाबाई पुढं झाली. "स्कायलॅब पडला की आता."

"एकच पडलंय. वर लय हायती."

ती तशीच लालासाहेबाकडं गेली. त्यानं दोन गडी घेतले. बिजागऱ्या कापून दार काढलं, गाडीत घालून भंगारात नेलं. नानासो बाजूला उभा राहून बघत होता. त्यानं अडवलं नाही. संध्याकाळी तो दार नसलेल्या यानात जाऊन बसला, आणि हाक मारली तरी जेवायला आला नाही.

चार दिवसांनी म्हैस आणि रेडकू लालासाहेबाच्या गोठ्यात बांधून बनाबाईनं नवऱ्याला हाताला धरून कराडच्या एसटीत बसवलं. मलकापूरला तिचा भाऊ होता. तो म्हणाला होता, थोडे दिवस इथं येऊन राहा. नानासो लहान पोरासारखा आला. सांगली मागं पडल्यावर तो आपणहून बोलला.

"तू आली न्हाईस."

"म्हस अडली हुती."

"तुझी शीट मी कुणाला दिली न्हाई," तो म्हणाला. "हरणाबाई बसाय लागली हुती. मी उठवली तिला. उभीच हुती ती शेवटपतोर."

त्याच्या आवाजात माया होती. कंडक्टर आला. तिनं मलकापूरची दोन तिकिटं मागितली.