पेडलवरचा पाय

फियाटच्या ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक चाकाशी, पाना घेऊन. दुसरं आत, पेडलवर पाय ठेवून. वसईजवळच्या उमेळ्यातल्या एका अंगणात सत्तावीस वर्षं चाकाशी शत्रुघ्न बसत आला आणि आत त्याची बायको हंसा. ड्रायव्हरच्या सीटवर ती बसायची ती एवढ्यापुरतीच. काम झालं की शत्रुघ्न दार उघडून म्हणायचा, "हं, उतर आता."

गाडी पंच्याऐंशी सालची. शत्रुघ्नने ती जुनीच घेतली होती आणि कधी गॅरेजवाल्याचा हात लागू दिला नव्हता. यंदा मार्चमध्ये त्याने चारही चाकांचे ब्रेक नवे करायला काढले. दोन दिवस गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. त्याने जुने ब्रेक-शू काढले, गळके सिलिंडर बदलले, ड्रम घासून पुसून बसवले. रविवारी सकाळी हाक मारली, "हंसा, ये गो. हवा काढायची हाय."

हंसाने आमटीखालचा गॅस बंद केला आणि येऊन बसली. सुरुवात नेहमी मागच्या डाव्या चाकापासून, कारण ते पेडलपासून सगळ्यात लांब. चाकाच्या आतल्या बाजूला हवा सोडायचं बारीक निपल असतं. त्याला लावलेल्या नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं.

"दाब."

"दाबला."

"धर." निपल सैल झालं, हंसाचा पाय तळाला गेला. नळीतून बुडबुडे आले. शत्रुघ्नने निपल आवळलं. "सोड."

चार-पाच वेळा असं झालं, तेवढ्यात डॅशबोर्डवरचा शत्रुघ्नचा फोन वाजला. त्याचे हात तेलाने भरलेले. "कोन हाय बघ. स्पीकर लाव."

कल्पेश होता, शत्रुघ्नच्या भावाचा मुलगा. जूचंद्रला फ्लॅट घेऊन राहायचा. "काका, गाडी माझ्या नावावर करायचे कागद उद्या टाकतो. तुमच्या सह्या झाल्याच आहेत. ब्रेक झाले का? पाचला न्यायला येतो."

"होतील तवर. ये."

फोन बंद झाला. हंसा पेडलवर पाय ठेवून तशीच बसली होती. "गाडी कल्पेशला दिली?"

"माझ्या गुडघ्यांना आता क्लच झेपत नाय. पोरगा सांभाळील. दाब."

"मला विचारलं नाय."

"तुला काय विचारायचं? तू काय करनार गाडीचं?"

हंसाने पेडल दाबलं नाही. मग म्हणाली, "मला गाडी चालवता येते."

चाकामागून हसू आलं. ती पुढे बोलली. दोन वर्षांपूर्वी, तो गुडघ्याच्या उपचारांसाठी महिनाभर बहिणीकडे राहिला होता, तेव्हा ती रोज सकाळी वसईला क्लासला गेली होती. परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली. कमरेच्या बटव्यातून तिने लायसन काढलं आणि खिडकीतून हात बाहेर धरला.

शत्रुघ्न उठून आला. कार्ड डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. त्यावर तेलाचा अंगठा उमटला. "आनि हे मला आता सांगतेस?"

"तुमचे गुडघे गेले की तुम्हीच म्हनाल, असं वाटलं होतं. 'हंसा, तू घे आता.' म्हनून थांबले होते."

त्याने कार्ड परत दिलं. "फोटो चांगला नाय आला," एवढं बोलून तो मागे जाऊन बसला. निपलवर पाना घातला. "दाब. धर."

निपल उघडं होतं. हंसाने पाय उचलला.

उठताना बाटलीतून निघालेली नळी रागाच्या भरात शत्रुघ्नने परत बुडवलीच नव्हती. सुर्रकन हवा आत ओढली गेली. "अगं! सोड म्हटलं मी? सकाळची सगळी मेहनत पान्यात घातलीस!"

हंसा उतरली. या वेळी दार तिनेच उघडलं.

दुपारभर शत्रुघ्न एकटाच झटत होता. सीट आणि पेडलच्या मध्ये त्याने लाकडाची पट्टी अडकवून बघितली. ती निसटली. तीनला ओट्यावर येऊन म्हणाला, "दोन मिन्टं ये."

"येते. पन कल्पेशकडे गाडी मी चालवत नेनार. एकदाच. मग ठेवू दे त्याला."

"गावातून? माझ्या पुतन्याच्या दारात?" तो म्हणाला आणि परत गेला.

पाचला कल्पेश आला, बरोबर बायको रीमा आणि कडेवर दीड वर्षाची पोर. शत्रुघ्नने त्यालाच पेडलवर बसवलं. हंसा ओट्यावर मेथी निवडत होती. तिचं लक्ष नव्हतं असं नाही. 'सोड' म्हणायच्या आधीच कल्पेश पाय उचलत होता, आणि दर वेळी पेडल भुसकन खाली जात होतं. ओट्यावरूनही ते कळत होतं. ब्रेकच्या नळ्यांत हवा होती, भरपूर; गाडी वेळेवर थांबणार नव्हती.

"झालं वाटतं काका," कल्पेश म्हणाला. "थोडं मऊ लागतंय, पण थांबेल."

शत्रुघ्नने घाम पुसला. त्यालाही कळत होतं. तरी तो म्हणाला, "हळू ने. चार दिवसांनी बघू परत." गाडी ठोकळ्यांवरून खाली उतरवायला त्याने जॅक लावला. रीमा पोरीला घेऊन मागचं दार उघडू लागली.

हंसाने मेथी बाजूला ठेवली. अंगणात आली. "ऊठ, कल्पेश."

मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. 'दाब', 'धर', 'सोड' यांच्यापलीकडे नवरा-बायकोत एक शब्द झाला नाही. पाऊण तासाने पेडल अर्ध्यावर टणक थांबलं. हंसाने तीनदा दाबून खात्री केली आणि उतरली.

"बघ," शत्रुघ्न कल्पेशला हसून म्हणाला, "काकीला राग येतो, पन टिकत नाय."

कल्पेशने फाटकापर्यंत गाडी नेऊन करकचून ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. "काका, तुमच्या हाताला तोड नाही!" तो ओरडला. शत्रुघ्न पुढे त्याच्या शेजारी बसला, गाडी पोचवायला. हंसाला कोणी चल म्हटलं नाही.

त्यानंतर शत्रुघ्न दर रविवारी जूचंद्रला जाऊ लागला. परत आला की गाडीचं काय काय केलं ते सांगायचा. हंसा ऐकायची, विचारायची काही नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी फोन आला. बिल्डिंगखालच्या गोंगाटात शत्रुघ्न मोठ्याने बोलत होता. "ब्रेकचा मास्टर सिलिंडर बदललाय. हवा काढायचीय. कल्पेशच्या पायाला जमत नाय गो. रिक्षा करून ये."

"मी नाय येत," हंसा म्हणाली.

"अगं, पोर बसते त्या गाडीत!"

"माहीत हाय. म्हनून तर गेल्या वेळी बसले. आता गॅरेजवाला बोलवा."

शत्रुघ्न आवाज खाली आणून म्हणाला, "बाहेरच्याला हात लावू देऊ? माझ्या गाडीला?"

"कल्पेशच्या," हंसा म्हणाली आणि फोन ठेवला. तो आणखी दोनदा वाजला. तिने बघितलं, उचलला नाही.

संध्याकाळी शत्रुघ्न आला तो न जेवता झोपला. गॅरेजवाला आला की नाही ते त्याने सांगितलं नाही. दोन दिवसांनी हंसाने रीमाला फोन करून विचारून घेतलं. गॅरेजवाल्याने वीस मिनिटांत काम केलं होतं, एकट्याने. त्याच्याकडे हवा काढायचं यंत्र होतं.