एकोणिसाव्या डावाची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. तुम्ही मला इतकं निरखून का बघताय, याचीच मला आधी शंका येते. रागावू नका, मी वाढलेच तशी.

चीनमधल्या हपेई प्रांतातल्या एका गावात यान पेइहाई गुरुजींनी आपल्या घराण्याच्या मुष्टिविद्येचे छत्तीस डाव माझ्यात लिहिले. दार लावून, खिडकीवर पडदा ओढून. त्यातला एकोणिसावा डाव त्यांनी मुद्दाम चुकीचा लिहिला. ही त्यांच्या घराण्याची रीतच होती. वही चोरीला गेली तरी विद्या चोराच्या हाती लागू नये. खरा डाव फक्त तोंडी सांगायचा, तोही पट्टशिष्याच्या कानात.

मग मला मेणकापडात गुंडाळून ज्वारीच्या पोत्यात लपवलं. पोत्याला उंदीर लागला तरी मला तो शेजारच्या आखाड्याचा हेर वाटे.

पट्टशिष्य होता चांगलिन. गुडघे टेकून गुरूला चहा देऊन तो रीतसर शिष्य झाला, त्याला बारा वर्षं झाली होती. तरी गुरुजी म्हणत, "बघू, पुढच्या वसंतात सांगेन." मलाही ते पटे. इतका नम्र माणूस, मनात काय असेल कोण जाणे! गुरुजींची लेक रुइफन हिला तर शिकवायचा प्रश्नच नव्हता. लेकीबरोबर विद्याही सासरी जायची.

एका हिवाळ्यात गुरुजींना पक्षाघात झाला. वाचा गेली. रुइफनने मला पोत्यातून काढून चांगलिनच्या हाती दिलं. गुरुजींसमोरच तो वाचून एकेक डाव करू लागला.

एकोणिसाव्याला रुइफन म्हणाली, "थांब. बाबा इथं डावा पाय मागे घेतात."

"ताई, तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मला कोण शिकवतंय! वीस वर्षं कणीक मळता मळता खिडकीतून बघतेय. डोळे काय चुलीत घातले होते?"

"पण वहीत उजवा पाय पुढे आहे. गुरुजींच्या हातचं अक्षर आहे, ताई. त्यांचं ऐकू की तुमचं?"

गुरुजी घशातून विचित्र आवाज काढू लागले. चालता हात अंथरुणावर आपटू लागले. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बघा, किती समाधान वाटतंय त्यांना," चांगलिन म्हणाला आणि त्याने तीनदा कपाळ जमिनीला टेकवलं. बापाच्या अक्षरापुढे रुइफनचं काय चालणार? आठवड्याभरात गुरुजी गेले.

आता मी आखाड्यात काचेच्या पेटीत असते. समोरच्या अंगणात चाळीस मुलं रोज उजवा पाय पुढे टाकतात, बरगडी उघडी टाकून. पाहुणे टाळ्या वाजवतात. मला फार लाज वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला काही येत असेल, तर त्यांची वाचा आहे तोवर विचारून घ्या. ज्याने डोळ्यांनी पाहिलंय, त्याचं ऐका. जन्मभर मी प्रत्येकावर संशय घेतला. तुम्हाला घ्यायचाच असेल, तर माझ्यावर घ्या.