न्यू स्टँटनपर्यंत

“काका, आम्ही फूड कोर्टच्या दारातच उभ्या आहोत. तुम्ही कुठंयत?” नेत्रानं फोन स्पीकरवर टाकला.

“मीही दारातच आहे,” बाळ सबनिसांचा आवाज आला. “तुम्ही दिसत नाही.”

“माझं रेड जॅकेट आहे. मावशीची शाल ग्रे.”

“इथं लाल जॅकेट एकाच माणसाचं आहे. त्याला दाढी आहे.”

अहिल्या हसली आणि हसता हसता तिची नजर रस्त्यापलीकडे गेली. नोव्हेंबर होता, झाडं उघडी पडली होती. टर्नपाइकच्या, म्हणजे टोलच्या महामार्गाच्या, पलीकडच्या अंगाला अशीच एक इमारत होती, असेच पेट्रोल पंप, आणि दाराशी टोपी घातलेला एक उंच, किंचित वाकलेला माणूस कानाला फोन लावून उभा होता. मधून ट्रक धडधडत होते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या ट्रकांच्या मध्ये काँक्रीटची भिंत होती, नजर पोचेल तिथवर.

“अगं, ते पलीकडे आहेत,” ती म्हणाली.

“हां, दिसलात,” फोनवर बाळ म्हणाले. “तुमची बाजू पूर्वेला जाणाऱ्यांची, माझी पश्चिमेला. नाव दोन्हीकडे मिडवेच.”

“सॉरी यार, मावशी. मॅपवर पहिलं आलं ते सिलेक्ट केलं मी.”

“तुझी चूक नाही. मलाही कुठं सुचलं.”

तिनं हात वर केला. पलीकडून टोपी वर झाली.

तिला सुचलं नव्हतं याला कारण होतं. तीन वर्षं ते दोघं भेटत होते, महिन्यातून एका शनिवारी, पण या प्लाझावर कधीच नाही. अहिल्या व्हीलिंगची. ओहायो नदीकाठच्या त्या गावात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात तिची सगळी नोकरी सरली. नवरा गुरुनाथ पोलादाच्या कारखान्यात होता. बाळ हे गुरुनाथचे सांगलीच्या कॉलेजातले मित्र. बाल्टिमोरला रस्त्यांची डिझाइन्स करणाऱ्या कंपनीत ते इंजिनिअर होते. दोन्ही गावं एकाच महामार्गावर, इंटरस्टेट सत्तरवर. चाळीस वर्षं दोन्ही घरांचं येणंजाणं त्याच रस्त्यानं झालं. मग गुरुनाथ गेला. दोन वर्षांनी बाळची बायको वसुधा गेली. येणंजाणं थांबायला हवं होतं, ते थांबलं नाही. फक्त घरी जाण्याऐवजी ते दोघं वाटेत ब्रीझवूडला भेटू लागले.

ब्रीझवूड हे या रस्त्याचं व्यंग. युटातल्या कोव्ह फोर्टपासून बाल्टिमोरपर्यंत दोन हजारांहून जास्त मैल सत्तर नंबरचा रस्ता धावतो, पण ब्रीझवूडला तो चक्क गावच्या रस्त्यावर उतरतो आणि सिग्नलला उभा राहतो. मोफत महामार्गाच्या निधीतून टोलच्या रस्त्याला थेट जोड द्यायला त्या काळच्या कायद्यात परवानगी नव्हती. म्हणून दोन्ही रस्ते एकमेकांना भिडलेच नाहीत. मधला तुकडा गावानं पंप, मोटेल आणि खानावळींनी भरून टाकला. ट्रकवाले त्या जागेला शिव्या घालतात. अहिल्यानं कधी घातल्या नाहीत. तिथं मधे भिंत नव्हती. कुठूनही या, त्याच सिग्नलला थांबायचं, त्याच खानावळीत शिरायचं.

आजचा बेत मात्र सुशांतनं आखला होता. सुशांत हा बाळचा मुलगा, शिकागोजवळ शॉमबर्गला राहणारा. तो बाबांना कायमचं आपल्या घरी घेऊन चालला होता. “काकू, आम्ही मिडवे प्लाझावर लंच करू. तुम्ही येऊ शकत असाल तर बाबांना बरं वाटेल,” असा त्याचा मेसेज आला. बाल्टिमोरहून येताना ब्रीझवूडचे सिग्नल त्याला लागणारच होते. त्या खानावळीसमोरून त्याची गाडी जाणार होती. म्हणजे बाळनी मुलाला तिथं थांब म्हटलं नव्हतं. मेसेज वाचताना अहिल्याला हे जाणवलं होतं आणि तिनं ते बाजूला सारलं होतं. कारण आज तिला त्यांना एक गोष्ट विचारायची होती, आणि ती फोनवर विचारण्यासारखी नव्हती.

“आम्ही वळून येतो,” ती फोनमध्ये म्हणाली.

“ब्रीझवूडला उतरावं लागेल. चौदा मैल जायचं, चौदा यायचं.”

“माहीत आहे मला ब्रीझवूड.”

“हो,” बाळ म्हणाले. “या.”

अहिल्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून गाडी नेत्रा चालवत होती. ती अहिल्याची भाची, कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये नोकरीला. मावशीला एकटीनं बसनं जाऊ देण्यापेक्षा तिनं शनिवार खर्ची घातला होता. ब्रीझवूडला सिग्नल लाल झाला तेव्हा डाव्या हाताला ती खानावळ आली. खिडकीतल्या टेबलाशी चौघांचं कुटुंब पॅनकेक खात होतं.

“मावशी, तुम्ही इथंच भेटायचात ना?”

“हं.”

“आणि करायचात काय एवढा वेळ?”

“भांडायचो. दिवाळी अंकांवरून. माझ्याकडे पुण्याहून संच येतो ना, अर्धे मी त्यांना द्यायचे, पुढच्या महिन्यात अदलाबदल. ते कोपरे दुमडतात.”

“एवढंच?”

“सिग्नल सुटला बघ.”

मिडवेच्या दुसऱ्या बाजूला सुशांत कॉफीचे कप घेऊन उभाच होता. पंचेचाळिशीचा, दमलेला, मनानं चांगला. गाडी छतापर्यंत भरलेली होती.

“काकू, इतक्या लांब आलात. थँक्स. लास्ट मंथ बाबांच्या हातून स्टोव्ह चालू राहिला, स्मोक अलार्म वाजला, नेबरनं मला फोन केला. दॅट वॉज इट. आता एकटं ठेवणं बरोबर नाही.”

“नाहीच बरोबर,” अहिल्या म्हणाली. तिचंही तेच मत होतं. फक्त त्यावरचा उपाय तिच्याकडे दुसरा होता.

बाळ टोपी हातात घेऊन बाकावर बसले होते. चारचौघांत त्यांना बोलायला सुचत नसे. तिनं अंकांच्या दोन्ही कापडी पिशव्या त्यांच्याजवळ ठेवल्या.

“सगळेच आणलेत? हे परत कसे देऊ?”

“देऊ नका.”

त्यांनी वरचा अंक काढला, मुखपृष्ठ पाहिलं, पुन्हा आत सरकवला. मग एकदम मुलाला म्हणाले, “सुशांत, न्यू स्टँटनपर्यंत रस्ता एकच आहे. तिथं सत्तर व्हीलिंगकडे फुटतो, आपण सरळ. तोवर मी यांच्या गाडीत बसतो.”

“बाबा, कशाला उगाच? परत थांबायचं, उतरायचं...”

“न्यू स्टँटनच्या अलीकडे प्लाझा आहे. तुझ्या गाडीत माझ्या पायाशी मिक्सर आहे. बाल्टिमोरपासून तो माझी नडगी सोलतोय.”

नेत्रा हसली. सुशांतनं घड्याळ पाहिलं, मग बापाकडे. “ओके. मी मागेच आहे.”

येताना अहिल्या पुढे बसली होती. आता ती मागे बसली, डाव्या खिडकीशी, बाळ उजवीकडे. मधे पिशव्या. नेत्रानं गाडी काढली आणि कुणी न सांगता गाणी बंद केली.

बराच वेळ बाळ रस्त्याबद्दल बोलत राहिले. ही त्यांची जुनी खोड होती. वसुधा म्हणायची, यांना ताप आला तरी हे डांबराचं तापमान सांगतील. हा टर्नपाइक जुन्या, अर्ध्यात सोडलेल्या रेल्वेच्या आखणीवरून कसा गेला. दोन श्रीमंतांच्या भांडणात ती रेल्वे बांधायला घेतली गेली, आणि त्यांचा समेट झाला तेव्हा डोंगरात बोगदे अर्धवट खणलेले तसेच राहिले. पन्नास वर्षांनी रस्तेवाल्यांनी ते उकरले.

“आता येईल त्या अ‍ॅलेगनीच्या बोगद्याशेजारी रेल्वेचा जुना बोगदा अजून आहे. तो फार खराब झाला होता. म्हणून नवा खणला.”

“तुम्ही हे मला दहा वेळा सांगितलंय.”

“हो का?” ते थांबले. “नुसतं सांगितलंय की विसरून पुन्हा सांगितलंय?”

“पहिल्या वेळेपासून मी मोजतेय. तुम्ही तेव्हा पन्नाशीचे होता.”

ते हसले. डोंगर जवळ आला. तिनं मागच्या काचेतून पाहिलं. सुशांतची चंदेरी गाडी ठरावीक अंतर राखून येत होती.

“बाल्टिमोरचा पार्क-अँड-राइड सुशांतला दाखवला आज,” बाळ म्हणाले. “सत्तर तिथंच संपतो. शहरातून पुढं न्यायचा होता, जंगलातून, लोकांच्या वस्तीतून. लोक उभे राहिले, म्हणाले नाही. या देशात मी काढलेलं पहिलं ड्रॉइंग त्या तुकड्याचं. वर्षभर काढत होतो. साहेबानं एक दिवस सांगितलं, बंद कर.”

“वाईट वाटलं होतं?”

“तेव्हा वाटलं. आता तिथं सकाळी माणसं गाड्या लावून बसची वाट बघतात. लोकांचं बरोबरच होतं.”

बोगद्याचं तोंड आलं. आत शिरल्यावर उजेड पिवळा झाला, टायरांचा आवाज भिंतींवरून परत येऊ लागला. इथं बोललेलं पुढच्या सीटवर नीट ऐकू जाणार नाही, असा अहिल्यानं अंदाज केला. तो चुकीचा असता तरी ती थांबली नसती.

“व्हीलिंगला या,” ती म्हणाली. “माझ्याकडे. राहायला.”

बाळनी मांडीवरची टोपी उलटी केली.

“खालची खोली रिकामी आहे. स्टोव्ह मी बघेन. तुमचे डॉक्टर पिट्सबर्गला मिळतील, मी चौकशी केलीय. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दे, व्हीलिंगला मराठी माणसं आहेत किती, तीन घरं.”

“ईशानला काय वाटेल?” ईशान तिचा मुलगा, टेक्सासमध्ये फ्रिस्कोला.

“त्याला सांगितलंय मी. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, आई, काकांना घोरायची सवय आहे का?”

बाळच्या ओठांचा कोपरा हलला. बोगदा संपला, उन्हानं दोघांचे डोळे मिटले.

“सुशांतनं नवं घर घेताना तळमजल्यावर खोली बघून घेतली,” ते हळू म्हणाले. “मला चढायला नको म्हणून. दोन वर्षांपूर्वी. मला आत्ता कळलं.”

“चांगला मुलगा आहे.”

“त्याला मी काही सांगितलेलं नाही.” त्यांनी वाक्य सावकाश पूर्ण केलं. “तुमच्याबद्दल. ब्रीझवूडबद्दलही. तो समजतो मी शनिवारी लायब्ररीत जातो.”

तिला हे नवीन होतं. तीन वर्षं ती ईशानला प्रत्येक भेटीनंतर फोन करत आली होती.

“मग आता सांगा,” ती म्हणाली. “मागच्याच गाडीत आहे तो.”

त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जणू गाडीचा नंबर वाचत होते. “सांगतो,” ते म्हणाले. “प्लाझावर सांगतो.”

सॉमरसेटच्या पाट्या आल्या, पवनचक्क्या आल्या. एकदा गाडी वळली तेव्हा मधल्या पिशव्या कलंडल्या. दोघांनीही हात पुढे केले आणि पिशव्या सरळ झाल्यावर हात तिथंच राहिले. अहिल्याच्या मनात खोली लागत होती. पलंग खिडकीकडे सरकवायचा. गुरुनाथचं टेबल तिथंच ठेवायचं, त्यांना चालेल. बाथरूममध्ये धरायला दांडा.

प्लाझावर सुशांत आधी उतरला. त्याच्या हातात पाण्याची बाटली आणि गोळ्यांची डबी होती. “बाबा, दोनची गोळी राहिली.”

बाळ उतरले. त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायले, बाटलीचं झाकण लावलं. अहिल्या गाडीजवळ उभी राहिली. बापलेक दहा पावलांवर होते. बाळ काहीतरी बोलले. सुशांतनं वाकून कान जवळ आणला, मान डोलवली आणि हसून त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली. बाळनी त्याच्या हाताकडे पाहिलं. पुन्हा तोंड उघडलं, आणि मिटलं.

सुशांत पिशव्या न्यायला आला. “काकू, बाबा म्हणतात स्प्रिंगमध्ये तुम्ही शॉमबर्गला या. रिअली, यायलाच हवं. मी तिकीट पाठवतो.”

“बघू,” ती म्हणाली.

बाळ जवळ आले. मुलगा शेजारी उभा होता. टोपी त्यांच्या हातात होती.

“नीट जा, वहिनी,” ते म्हणाले.

चाळीस वर्षं त्यांनी तिला वहिनीच म्हटलं होतं. ब्रीझवूडच्या पहिल्या शनिवारपासून ते नाव त्यांच्या तोंडून गेलं, आणि दुसरं कुठलं आलं नाही. तीन वर्षं ते तिच्याशी नावाशिवाय बोलले. ती त्यात सुखी होती.

“गोळ्या वेळेवर घ्या,” ती म्हणाली. “आणि अंकांचे कोपरे दुमडा खुशाल.”

त्यांनी मान हलवली. सुशांतनं त्यांना गाडीत बसवलं, पायाशी असलेला मिक्सर उचलून मागे कोंबला, पट्टा लावून दिला.

दोन मैलांवर फाटा आला. चंदेरी गाडी सरळ गेली. नेत्रानं उजवा इंडिकेटर दिला आणि सत्तरवर उतरली. पाटीवर व्हीलिंग होतं, त्याच्यापुढे कोलंबस.

नेत्रानं आरशातून मागे पाहिलं. “मावशी, पुढे येऊन बसतेस? मी कुठंतरी थांबवते.”

“नको गं. इथं बरी आहे.”

ती डाव्या खिडकीशीच बसून होती. पिशव्या गेल्यामुळे मधली जागा मोकळी झाली होती, उजवीकडचीही. पर्स ठेवायला हवी तेवढी जागा होती. तिनं ती मांडीवरच धरली.