काळी काच आणि राखेचं पाणी

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, सतरंजी मोठी आहे. आज तुम्हाला देवादिकांचं आख्यान नाही सांगत, रनाळ्यातल्या एका ओव्हनच्या दाराची गोष्ट सांगतो. हसा, हसा. पण कीर्तनाला बसलेला जीव कुठल्या दारातून आत शिरेल, ते कोणी सांगावं? कोणी महाद्वारातून शिरतो, कोणाला तुपानं काळी पडलेली काच पुरते.

तर रनाळ्यात फुलचंदशेठांचं किराणा दुकान. पुढे दुकान, मागे घर, घरामागे न्हाणीची चूल. त्या घरची सून अल्पना. त्या दिवशी सकाळपासून तिचा एक पाय स्वयंपाकघरात आणि एक ओसरीवर. डबा उघडी, कशासाठी उघडला ते विसरे, झाकण लावी, पुन्हा उघडी. नवरा श्रेणिक माल आणायला नंदुरबारला निघाला, तर त्याच्या पिशवीत तिनं पोळीच्या डब्याऐवजी पिठीसाखरेचा डबा घातला. तो कोपऱ्यावरून परत आला, डबा बदलून गेला.

कारणही तसंच होतं. दोंडाईच्याहून पायी पायी निघालेल्या महासतीजी, म्हणजे जैनांच्या साध्वी, त्या सकाळी गावात उतरल्या होत्या. शाळेच्या जुन्या खोलीत एक दिवस मुक्काम, दुसऱ्या दिवशी उजाडताच नंदुरबारच्या वाटेला. आणि त्यांतली एक अल्पनाची सख्खी थोरली बहीण होती. संसारातलं नाव विमल. अल्पना तिला जिजी म्हणायची. जिजीनं दीक्षा घेतली तेव्हा अल्पना शाळेत होती. त्यानंतर एकदाच दिसली, जळगावला, मांडवभर गर्दीत, लांबून, मुंगीएवढी.

सकाळी अल्पना सगळ्या बायकांबरोबर दर्शनाला गेली. वाकली. जिजीनं सगळ्यांना दिला तोच आशीर्वाद तिला दिला, दया पाळा म्हणून, "दया पालो." सगळ्यांकडे पाहिलं तसंच तिच्याकडे पाहिलं. पांढरी वस्त्रं, तोंडावर मुहपत्तीची पट्टी, वर दोन शांत डोळे. अल्पना मागे सरली, दुसरी बाई वाकली. झालं.

ओळखलं की नाही? एवढा एक काटा घेऊन ती घरी आली, आणि मग तिला बसवेना.

दुपारी महासतीजी गोचरीला येणार. गोचरी म्हणजे भिक्षाच. पण गाय जशी इथून थोडं, तिथून थोडं चरते तसं घरोघरचं थोडं थोडं घ्यायचं. अल्पनानं मनाशी ठरवून टाकलं, आज जिजीच्या पात्रात आपल्या हातानं नानकटाई घालायची. लहानपणी आई तूप-मैद्याचं पीठ मळून बाजारातल्या बेकरीवाल्याच्या भट्टीवर न्यायची, या दोघी बहिणी भट्टीसमोर बसायच्या. नानकटाईला वरून भेग पडली की जिजी म्हणायची, ही हसली. आणि अल्पनाची सारखी चुळबुळ असायची, म्हणून तिच्या गुडघ्यावर हात दाबून म्हणायची, "हलू नको गं, तू हललीस तर त्या हसणार नाहीत." एक नानकटाई पात्रात पडली, तर डोळ्यांत काहीतरी हलेल. हलणारच.

पण ओव्हन पडला होता चातुर्मासापासून बंद. त्याआधीच्या उन्हाळ्यात टोस्ट, बिस्किटं, नाना प्रकार झाले होते, आणि दाराच्या काचेवर तुपाचे ओघळ जळून जळून असा थर बसला होता की आत दिवा आहे की नाही तेसुद्धा कळेना. तरी तिनं घाईनं पहिला घाणा लावला. आतलं दिसत नव्हतं म्हणून अंदाजानं थांबली, अंदाज चुकला. नानकटाया बाहेर आल्या त्या बुडाशी करपलेल्या, वरून सपाट. एकीलाही भेग नाही.

सासू लाडकंवरबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. वयानं वाकलेल्या, पण नेमधर्माला ताठ. घरात सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांनी ताटातल्या नानकटायांकडे पाहिलं आणि विचारलं, एवढ्या घाईनं हे कोणाला?

"घरात आपलं, असावं काहीतरी," अल्पना म्हणाली.

 पण दोघींनाही नेम ठाऊक होता. साधुसाध्वींसाठी मुद्दाम केलेलं त्यांना चालत नाही. घरच्यांसाठी झालेल्यातलंच त्या घेतात, आणि घेण्याआधी विचारतात, कोणासाठी केलंय?

मग अल्पनानं ओव्हन खाली जमिनीवर घेतला, भिंतीशी टेकवला आणि काचेसमोर फतकल मारली. मोबाइलवरच्या बाईनं सांगितलं, खायचा सोडा आणि सिरका. सिरका या घरात कधी आला नव्हता; आंबवलेलं असतं, आणि आंबवलेल्यात जीव. मग लिंबू घेऊ म्हणाली. शेजारच्या तुळशीबाईच्या परसात लिंबाचं झाड, तिनं ओंजळभर आणून दिली. बाईंनी मात्र आधी हातात मऊ पूंजणी ठेवली, लोकरीची लहानशी झाडणी. म्हणाल्या, साखरेच्या वासानं फटीत मुंग्या असतील, पहिल्यांदा त्यांना वाट दे. अल्पना झाडू लागली. मुंग्या खरंच होत्या. त्यांना कुठे घाई होती? एक बाहेर यायची, मिशा हलवायची, परत आत. अल्पनाचा जीव टांगणीला लागला, पण हात हळूच चालवावा लागला. शेवटची मुंगी भिंतीला लागेपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत.

"राखेनं घास," जाता जाता त्या म्हणाल्या. "पऱ्हाटीची राख चूलभर पडलीय. तुझ्या सोड्यानं जाईल ते तिनंही जातं."

"राखेनं काचेला चरे पडतात, बाई."

"माझ्या भांड्यांना नाही पडले कधी."

ही राख म्हणजे बाईंचं रोजचं व्रतच म्हणा. घरात साबण होता, पण निदान पाण्याचे हंडे-तांबे त्या स्वतः राखेनं घासत, आणि त्या धुण्याचं पाणी निवळू देऊन, फडक्यानं गाळून, एका कळशीत झाकून ठेवत. राख लागलेलं पाणी निर्जीव होतं, त्याला धोवण म्हणतात, आणि साधुसाध्वींना तेच प्यायला चालतं. पण रनाळ्यात साधुसाध्वी येणार कधी? वर्षाकाठी एखाद्या वेळी, तेही नक्की नाही. तरी कळशी रोज भरे आणि संध्याकाळी झाडांना रिकामी होई. अल्पनाला वाटे, कशाला हा उपद्व्याप. श्रेणिक तर आईला चिडवायचा, की तुझ्या कळशीवर जगून आपली जास्वंद तेवढी मोक्षाला जाणार.

असो. अल्पनानं सोड्यात पाणी घालून दाटसर लेप केला आणि काचेवर थापला. तो अर्धा तास तसाच ठेवायचा असतो. तिनं किती ठेवला असेल? उठली, बसली, पुन्हा उठून गल्लीत डोकावून आली. शेवटी न राहवून लिंबू चिरलं आणि पिळलं. सोडा फसफसला, काळ्या थराला तपकिरी फेस सुटला. जुन्या धोतराच्या तुकड्यानं पुसलं की एक पट्टा उजळ व्हायचा, बाजूचा तसाच हटून बसायचा. प्लॅस्टिकच्या मोडक्या पट्टीनं तिनं तो खरवडला. पुन्हा सोडा, पुन्हा लिंबू. भोवती पाण्याचं थारोळं, पाण्यात लिंबाच्या बिया, हात कोपरापर्यंत पांढरे. पण काच निघू लागली बरं का. मध्यावर ताटलीएवढं स्वच्छ वर्तुळ पडलं आणि त्यात तिला आपलाच घामेजलेला चेहरा दिसला. आत काळोख, बाहेर उजेड, म्हणून काचेचा आरसाच झाला होता.

आता दुसरा घाणा. अजून वेळ आहे, असं ती म्हणते न म्हणते तोच मागच्या दारातून तुळशीबाई आली. अंगणात मिरच्या वाळत घालून आलेली, पदराला ठसका.

"वहिनी, त्या धव्या लुगडावाल्या बाया उन्यात बरं. पारजोडे शेतस."

पांढऱ्या लुगड्यांच्या बाया पाराजवळ आल्यात, म्हणजे दोनच घरांवर. अल्पना उठायला गेली.

"बींदणी." बाई मारवाडीत सुनेला अशीच हाक मारत; आवाज मोठा नव्हता. "बस तिथंच. हलू नको."

अल्पना अर्धी उठलेली तशीच थांबली. आता इथे नीट ऐका, कारण सगळी गोष्ट या एका जागी तोललेली आहे. कच्च्या पाण्यात जीव, लिंबाच्या बीत जीव. त्यांत हात भरलेली बाई साध्वीला काही देऊ शकत नाही. आणि त्यांच्यासाठी ती उठली, तिनं हात धुतले, थारोळ्यात पाय पडला, तर तेवढी हिंसा त्यांच्या नावावर होते. मग ते घरच त्या दिवसापुरतं असूझतं होतं, म्हणजे तिथलं काही चालत नाही. महासतीजी उंबऱ्यावरून रिकाम्या पात्रानं परत फिरतात.

सकाळपासून जिला घडीभर बसवलं नव्हतं, तिला आता बसायचं होतं. आणि जिच्यासाठी बसवलं नव्हतं ती मागून येत होती.

अल्पना खाली बसली. पाठ दाराकडे, तोंड काचेकडे.

"पधारो, महासतीजी," बाई म्हणाल्या. पावलं आली, अनवाणी, थकलेली. अल्पनाचा गुडघा थरथरू लागला. तिनं तो दाबूनही धरला नाही, कारण हातातून थेंब पडला असता. आणि मग समोरच्या काचेत, त्या स्वच्छ वर्तुळात, दोन पांढऱ्या आकृती उभ्या राहिल्या. पुढची जिजी.

बाईंनी सकाळची थंड झालेली ज्वारीची भाकरी पुढे केली. जिजीनं चतकोर घेतली. कोरडी उसळ दाखवली, पळीभर घेतली. जे घेतलं ते इतकं थोडं की घराला कमी पडू नये. पात्र झाकायला हात गेला.

आणि तेव्हा लाडकंवरबाई, ज्यांनी मुंगीलाही वाट देववली होती, त्या वळल्या, ओट्यावरचं करपलेल्या नानकटायांचं ताट उचललं आणि पुढे धरलं.  अल्पनाला काचेत दिसलं.

जिजीनं विचारलं, "हे कोणासाठी केलंय?"

बाई मग म्हणाल्या, "घरी... घरीच आपलं..."

 आयुष्यभर एक खोटं न बोललेली बाई सुनेच्या हौसेपायी ते उच्चारायला निघाली होती. अल्पना अजून क्षणभर थांबली असती, तर नानकटाई पात्रात पडली असती. सकाळपासून अल्पनाला एवढंच हवं होतं.

"तुमच्यासाठी," अल्पना म्हणाली. मान न वळवता, काचेकडे पाहून. "मी केल्यात. तुमच्यासाठीच."

बाईंनी श्वास सोडला. पात्र मागे गेलं, अगदी सावकाश. मुहपत्तीवरचे डोळे ताटावर थांबले, सपाट, काळसर नानकटायांवर. तिथून उचलले गेले आणि काचेत आले.

"हसल्या नाहीत," जिजी म्हणाली.

बस, एवढंच. सोबतच्या साध्वीला त्यातलं काही कळलं नाही, बाईंनाही नाही. अल्पनाच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. ती हलली नाही.

मग जिजीनं पाण्याचं पात्र पुढे केलं आणि विचारलं, धोवण आहे का? उन्हातून चालत आल्या होत्या, सगळ्याच तहानलेल्या. गावात दुसऱ्या घरी मिळालं नव्हतं. बाईंनी कोपऱ्यातली कळशी आणली, फडकं काढलं आणि ओतलं. पात्र काठोकाठ भरलं. रोज जास्वंदीला जाणारं ते पाणी.

"दया पालो," जिजी म्हणाली. पावलं गेली.

बऱ्याच वेळानं अल्पनानं हात धुतले. सोडा वाळून कातडीला ताण पडला होता. मागून बाई आल्या, गुडघ्यावर हात देत तिच्याशेजारी टेकल्या. मुठीत राख आणली होती. काचेचा एक कोपरा अजून काळा होता, तिथं त्या ओल्या फडक्यानं राख घासू लागल्या.

"मी बोलले असते गं खोटं," त्या म्हणाल्या. "तू वाचवलंस."

"तुम्ही कशाला उचललंत ताट, बाई?"

"तुझा गुडघा दिसत होता मला."

दोघी मग घासत राहिल्या. कोपराही निघाला. चरा एक पडला, अगदी बारीक. बाईंनी तो बोटानं चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, हा आधीचा असेल. अल्पना म्हणाली, हो, आधीचाच.

तर मंडळी, नाव घ्यायचं झालं तर मोठमोठ्या दानशूरांचं घ्या, मी अडवत नाही. पण तुमच्या घरी कधी एखादी काच पुसायला बसलात, हात चालू आहेत आणि जीव दुसरीकडे धावतोय असं झालं, तर घडीभर थांबा. आणि कोणी येवो न येवो, रोज एक कळशी झाकून ठेवणाऱ्या रनाळ्याच्या लाडकंवरबाईंची तेवढी आठवण काढा.