दोन माइक, दोन जावा

१९७४च्या उन्हाळ्यात नागपूरचे घाटे केशोरी गावी भाताच्या रोवणीची गाणी टिपायला आले. बॅटरीवर चालणाऱ्या त्यांच्या नव्या ध्वनिमुद्रण यंत्राला दोन माइक होते. डावीकडचा आवाज डाव्या कानात यायचा, उजवीकडचा उजव्या.

गाणाऱ्या देवकाबाई आणि मंदाबाई सख्ख्या जावा. बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, वाटणीवरून त्यांचं बोलणं तुटलं होतं, म्हणून दोघी अंगणाच्या दोन टोकांना बसल्या. घाट्यांनी प्रत्येकीपुढे एक माइक ठेवला. एक गाणं झाल्यावर त्यांनी देवकाबाईच्या कानांना हेडफोन लावून ते ऐकवलं.

"हे तं दोन गावच्या बाया गाऊन राहिल्या," ती म्हणाली.

"मधली जागा रिकामीच वाटते," घाटे म्हणाले. त्यांनी दोन्ही माइक अंगणाच्या मधोमध, वीतभर अंतरावर, तोंडं दोन बाजूंना फिरवून ठेवले. "आता तुम्हाला जवळ बसावं लागेल."

थोरली आपणच, असं मनाशी म्हणत देवकाबाईनं चटई ओढली आणि माइकसमोर येऊन बसली. थोड्या वेळानं मंदाबाईही पदर सावरत शेजारी आली. गाता गाता देवकाबाई मध्येच थांबली, तेव्हा तिची अर्धी राहिलेली ओळ मंदाबाईनं पुरी केली.

हे गाणं दोघींनी आळीपाळीनं ऐकलं. या वेळी मधली जागा रिकामी वाटली नाही.

"मंदे, यंदा रोवण्याले तुयाकडे कोन येऊन राहिलं?"

"अजून कोनी नाही जी."

"मंग मी येईन."

"पयले तुमची बांधी रोवू," मंदाबाई म्हणाली.